‘ढगफुटी’ हा शब्द मोजून वापरा: मराठी वृत्तसंपादकांना खुले पत्र

सर्व मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक, वृत्तसंपादक, तसेच तालुक्या-तालुक्यांतले वार्ताहर यांस,

सप्रेम नमस्कार.

जून ते ऑक्टोबर या काळात तुमच्या बातम्यांत एक शब्द इतक्या वेळा येतो, की आता तो वाचून कोणी दचकत नाही. तालुक्यात ढगफुटी, घाटात ढगफुटी, शहरात ढगफुटी. खात्री नसली की ‘ढगफुटीसदृश पाऊस’. या शब्दाला ठरलेला अर्थ आहे, ठरलेलं माप आहे. तो भलत्या जागी पडला की त्याचा भुर्दंड कोणाला तरी बसतो. बहुतेक वेळा तो शेतकऱ्याला बसतो, नाहीतर ओढ्याकाठी राहणाऱ्या कुटुंबाला. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी मराठवाड्यातला, बालाघाटाच्या डोंगररांगेखालच्या एका गावचा. शाळेत भूगोल शिकवला, आता घरची शेती बघतो. वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, आणि तुमच्यावर विश्वास ठेवूनच वाचतो.

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे, साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात १०० मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर ती ढगफुटी. यात दोन गोष्टी आहेत: वेळ आणि जागा. पाऊस चोवीस तासांत किती पडला याच्याशी तिचा संबंध नाही. एका तासात किती आणि केवढ्याशा जागेत, एवढंच तिथं विचारलं जातं.

१०० मिमी हा आकडा वाचताना किरकोळ वाटतो, म्हणून तो जरा उलगडून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरावर १०० मिमी म्हणजे चार लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर चाळीस टँकर, एका तासात, एका एकरावर. आणि २० चौरस किलोमीटरवर? दोनशे कोटी लिटर. दोन लाख टँकर. आमच्याकडे वर्षभराचा पाऊस सहाशे-सातशे मिमीच्या घरात असतो. त्याचा सहावा-सातवा हिस्सा एका तासात तीन-चार गावांच्या शिवारावर ओतला जातो, तेव्हा त्याला ढगफुटी म्हणतात. त्या तासात माती पाणी पिऊच शकत नाही. पडलेलं सगळं पाणी उताराला लागतं आणि वाटेत जे येईल ते घेऊन जातं.

शब्दावरून असं वाटतं की ढग पाण्याच्या पखालीसारखा असतो आणि ती फाटते. तसं काही नसतं. दमट, गरम हवा जोराने वर चढत असते आणि गडगडाटी ढग दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच वाढत जातो. वर चढणारी हवा थेंबांना खाली पडू देत नाही. थेंब एकमेकांना मिळून मोठे होत राहतात. हवेचा तो जोर ओसरला की तोलून धरलेलं पाणी एकदम खाली येतं. समोर डोंगर असेल तर दमट हवा त्याला अडून आणखी वर ढकलली जाते आणि ढग तिथेच खिळून राहतो. म्हणून हिमालयाच्या दऱ्यांत हे जास्त घडतं. टापू लहान आणि वेळ थोडा, म्हणून दोन दिवस आधी ‘अमुक गावात ढगफुटी होणार’ असं कोणीही सांगू शकत नाही. रडारवर ढग वाढताना दिसला तर दोन-तीन तास आधी इशारा देता येतो, तेवढाच.

आता उलट बाजू पाहा. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी पाऊस झाला. त्याच वेळी वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, दरडींनी तळीयेसारखी गावं गाडली. हा भयंकर पाऊस होता. पण ५९४ ला चोवीसने भागलं तर ताशी सरासरी पंचवीस मिमी येतात. तासातासाची नोंद हाती असल्याशिवाय त्याला ढगफुटी म्हणता येत नाही, आणि म्हणायची गरजही नाही. ५९४ हा आकडा स्वतःच पुरेसा बोलतो. सतत पडणारा पाऊस ढगफुटीपेक्षा कमी संहारक असतो, असा एक समज या शब्दाच्या अतिवापरातून पसरला आहे. कोल्हापूर-सांगलीकरांना विचारा. २०१९ च्या ऑगस्टमधला तो महापूर दिवसेंदिवस कोसळलेल्या पावसाचा होता. कुठलाही ढग फुटला नव्हता.

हवामान विभाग चोवीस तासांच्या पावसाचीही प्रतवारी लावतो. ६४.५ मिमीपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. तुमच्या बातमीत आकडा असेल तर वाचक स्वतःच समजून घेतो की पाऊस कुठल्या पायरीवर होता. आणि नुसतं वर्णन करायचं तर मराठीत शब्दांना काय तोटा? भिजपाऊस, झड, संततधार, रिपरिप, मुसळधार, धुवाधार, वळीव, अवकाळी. माझी आई पावसाच्या नुसत्या आवाजावरून सांगायची की ही सर आहे की झड लागणार आहे. हे शब्द गावोगावच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाऊस पाहून घडवलेले आहेत. त्या सगळ्यांच्या जागी एकच शब्द बसवून तुम्ही बातमी जोरकस करत नाही, सपाट करता.

आता जे मुख्य सांगायचं आहे ते सांगतो.

महसूल खात्याच्या लेखी अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस. एका मंडळात अनेक गावं असतात आणि पाऊस मोजला जातो तो मंडळातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर. महावेध प्रकल्पात राज्यभर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं बसवली गेली. त्या यंत्राने ६५ च्या वर दाखवले तर मंडळ अतिवृष्टीच्या यादीत येतं. ६४ दाखवले तर येत नाही. पुढचे पंचनामे आणि मदत यांची सगळी सुरुवात या एका आकड्यापाशी आहे.

आमच्या भागात एका सप्टेंबरात रात्री दीड-दोन तास असा पाऊस झाला की माणसं उशाशी बॅटरी घेऊन बसून राहिली. सकाळी शिवारात गेलो तर ओढ्याकडच्या रानांचे बांध फुटलेले, कापून लावलेली सोयाबीनची गंजी वाहून गेलेली, काळी माती खरडून खालचा मुरूम उघडा पडलेला. आमच्या शाळेच्या पटांगणात साधा पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला मुलं वरचं नरसाळं काढतात, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततात, डोळा पाण्याच्या पातळीला आणतात आणि पाण्याचा पृष्ठभाग मध्ये जिथं किंचित खाली वाकलेला असतो तिथला आकडा वहीत लिहितात. त्या दिवशी बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात सांडलं होतं. दोन्ही मिळून मोजलं, ११८ मिमी भरलं. मंडळाचं केंद्र आमच्यापासून बऱ्याच अंतरावर, टेकडीच्या पलीकडे. तिथं नोंद झाली ४१ ची.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठी बातमी आली: तालुक्यात ढगफुटी. आमच्या गावचे दोन शेतकरी ते कात्रण अर्जाला टाचणीने लावून सरकारी कार्यालयात गेले. मीही सोबत होतो. तिथल्या कर्मचाऱ्याने मंडळवार तक्ता उघडला आणि म्हणाला, “आपलं मंडळ अतिवृष्टीच्या यादीत नाही.”

“साहेब, पेपरात ढगफुटी लिहिलंय की.”

“काका, दर आठवड्याला लिहितात. पेपरावर पंचनामा होत नसतो.”

तो माणूस उद्धट नव्हता. त्याच्यापुढे तक्ता होता आणि तक्त्यात ४१ होते. राग मला त्याचा आला नाही, त्या बातमीचा आला. बातमीत पाऊस किती वाजता सुरू झाला ते नव्हतं, किती गावांत झाला ते नव्हतं, मंडळाचं केंद्र कुठे आहे आणि त्याने किती दाखवलं ते नव्हतं. आमच्या शाळेच्या वहीतला आकडा कोणी विचारलाच नव्हता. ‘टेकडीच्या एका बाजूला ११८, दुसऱ्या बाजूला ४१, आणि मदत ठरणार ४१ वर’ ही खरी बातमी होती. ती कोणी लिहिली असती तर त्या अर्जाला वजन आलं असतं. तहसीलदारांना विचारणा झाली असती, कोणी येऊन रान पाहिलं असतं. त्याऐवजी एक मोठा शब्द छापला गेला, आणि दर आठवड्याला छापला जात असल्यामुळे त्याला कोणी भीक घातली नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ते ११८ मिमी पाहूनसुद्धा मी त्या पावसाला ढगफुटी म्हणत नाही. शाळेच्या पर्जन्यमापकाला तास कळत नाही, तो फक्त एकूण पाणी सांगतो. तासाभरात शंभर झाले होते का, हे त्याच्यावरून ठरवता येत नाही.

पाऊस असा शेजारच्या शिवाराला वगळून पडू शकतो का, असं कोणाला वाटेल. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिमी, त्यातले एका तासात १९० मिमी. आणि त्याच मुंबईत, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिमी. कुलाब्याच्या एकट्या यंत्रावर विसंबून मुंबईचा पाऊस ठरवला असता तर तो दिवस पावसाळ्यातला एक साधा दिवस ठरला असता. लेहमध्ये ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री चिखलाच्या लोंढ्याने वस्त्या पुसल्या, पण हवामान केंद्राच्या यंत्रात भरले फक्त १२.८ मिमी. पाऊस यंत्राच्या बाजूला, वरच्या नाल्यांत झाला होता. खरी ढगफुटी इतकी छोट्या जागेत होते, की ती यंत्राच्या तावडीतून सहज निसटते. ज्याच्या रानात ती झाली त्याच्याकडे पुरावा म्हणून उरते ती वाहून गेलेली माती आणि तुमची बातमी. म्हणून त्या बातमीतला शब्द खणखणीत असायला हवा.

आणि हा शब्द नुसता बातमीतला नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्थानिक आपत्तींच्या यादीत गारपीट, भूस्खलन, शेत जलमय होणं आणि वीज पडून लागलेली आग यांच्यासोबत ढगफुटी हा शब्द नावानिशी आहे. त्यासाठी ७२ तासांत नुकसानीची पूर्वसूचना द्यावी लागते. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपात भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, नेऊन ठेवली ही गोष्ट वेगळी. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून मान्य केली, ती रोजच्या रोज बारीक पडणाऱ्या पावसाने पिकं कुजत होती आणि ६५ चा आकडा मात्र कुठंच येत नव्हता म्हणून. शब्दाची व्याख्या बदलली की कोणाच्या खात्यात पैसे येतात आणि कोणाच्या येत नाहीत, ते असं ठरतं. जिथं शब्दावर माणसाचं वर्ष अवलंबून आहे, तिथं तो सैल हाताने वापरता येत नाही.

शहरातली गोष्ट आणखी गंभीर आहे. आपल्याकडे जुना जोडशब्द आहे, अस्मानी-सुलतानी. आभाळातून येतं ते अस्मानी, राज्यकर्त्यांच्या हातून होतं ते सुलतानी. ‘ढगफुटी’ हा शब्द आज सुलतानीला अस्मानीत जमा करण्याच्या कामी येतो आहे. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, तीसुद्धा समुद्राला ओहोटी असेल तेव्हा. हे १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यजल निचऱ्याच्या अहवालापासून कागदावर आहे, आणि ती क्षमता दुप्पट करायचं कामही त्याच अहवालातून पुढे आलं. अशा शहरात भरतीच्या वेळी तासात चाळीस मिमी पाऊस झाला तरी रस्ते भरणार. त्या दिवशी ‘मुंबईत ढगफुटीसदृश पाऊस’ असं लिहिलं की वाहिन्यांची क्षमता, नालेसफाई, मिठी नदीचं अरुंद झालेलं पात्र, बुजवलेली खाजणं, सगळं एका शब्दाखाली झाकलं जातं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं, असं म्हणायला अधिकारी मोकळे होतात.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. वीसहून जास्त माणसं गेली. पाऊस जोराचा होताच, ते कोणी नाकारत नाही. पण कात्रजच्या बाजूने येणाऱ्या त्या ओढ्याला वाहायला जागा किती उरली होती? काठावर भिंती कोणी घातल्या, पात्र कोणी वळवलं, पूररेषेत परवानग्या कोणी दिल्या? ही उत्तरं पावसाकडे नाहीत. ती महापालिकेच्या फायलींत आहेत. ज्या घरात पाणी शिरून माणूस गेला, त्या घराला ही उत्तरं मिळायला हवीत, आणि ती मागण्याचं काम तुमचं आहे. ‘ढगफुटी’ लिहिलं की प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देऊन टाकल्यासारखं होतं.

हिमालयातल्या बातम्यांतही हेच. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशी जिल्ह्यातल्या धरालीवर चिखलाचा लोंढा आला. पहिल्या तासापासून सगळीकडे ‘ढगफुटी’. हवामान विभागाच्या आसपासच्या केंद्रांवर मात्र त्या दिवशी किरकोळ पाऊस नोंदला गेला होता आणि शास्त्रज्ञ वरच्या हिमनदीच्या बाजूला काय कोसळलं याचा शोध घेऊ लागले. तोपर्यंत आपल्या वाचकांच्या डोक्यात ढगफुटी पक्की बसली होती. चारधामला महाराष्ट्रातून हजारो माणसं जातात. पाऊस कमी आहे म्हणजे धोका नाही, असं समजून ती नदीकाठच्या हॉटेलात उतरतील. वर बर्फ आणि दगडगोट्यांचा ढीग सैल झालेला असेल तर निरभ्र आभाळाखालीही पूर येतो. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत असंच झालं. पाऊस नव्हता, डोंगराचा कडा बर्फासकट तुटला आणि ऋषिगंगा आणि धौलीगंगेच्या दऱ्यांत दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. कारण चुकीचं छापलं की वाचक धोका चुकीच्या ठिकाणी शोधतो.

तुमची अडचण मला कळते. वार्ताहराला रात्री अकराला बातमी पाठवायची असते, अधिकृत आकडा सकाळी येतो. गावातला सरपंच फोनवर ‘ढगफुटी झाली हो’ असंच सांगतो, कारण त्याने तो शब्द तुमच्याकडूनच उचललेला असतो. शेजारच्या वाहिनीवर पट्टी सुरू झाली की आपण मागे कसं राहायचं, हाही ताण असतो. पण रात्रीच्या बातमीत जे दिसलं ते लिहिता येतं: पाऊस साडेनऊला सुरू झाला, अकराला थांबला, पुलावर कमरेइतकं पाणी होतं, अमुक गावांचा संपर्क तुटला. एवढं वाचून वाचकाला पुरेसं कळतं. सरपंच ‘ढगफुटी’ म्हणाला असेल तर ते त्याच्या नावाने, अवतरणात द्यावं. आणि ‘ढगफुटीसदृश’ हा शब्द तर कृपा करून टाकूनच द्या. त्याला कुठलंच माप नाही. तो लिहिणाऱ्याला जबाबदारीतून सोडवतो, वाचणाऱ्याला काहीच देत नाही.

खरं काम दुसऱ्या दिवशीचं आहे. मंडळवार पावसाचा तक्ता जिल्हा प्रशासनाकडे रोज तयार होतो. तालुक्याच्या पानावर तो छापा. पावसाळ्याचे चार महिने एका कोपऱ्यात आठ-दहा ओळी लागतील. स्वयंचलित केंद्रांत पावसाची वेळेनुसार नोंद असते. मोठा पाऊस झाला की त्यातला सर्वांत जोराचा तास मागून घ्या. तो शंभराच्या वर असेल तर खुशाल पहिल्या पानावर आठ कॉलमी मथळा द्या, ‘ढगफुटी’, आणि खाली आकडा, वेळ, गावं. त्या दिवशी तो शब्द छापायचा अधिकार तुम्ही कमावलेला असेल. केंद्राने कमी दाखवलं आणि शिवार मात्र धुऊन गेलं असेल, तर केंद्र तिथून किती लांब आहे, ते सुरू होतं का, त्याच्यावर झाडाची सावली आहे का, जवळच्या शाळेत किंवा पाटबंधारे खात्याच्या पर्जन्यमापकात काय नोंद आहे, हे विचारा. अशी एक बातमी दहा ढगफुट्यांपेक्षा जास्त उपयोगाची असते.

भूगोलाच्या शिक्षकांनाही माझं सांगणं आहे, आणि ते तुमच्या पानांवरूनच त्यांच्यापर्यंत पोहोचेल. शाळेत पर्जन्यमापक असेल तर मुलांना साडेआठला त्याच्यापाशी न्या, वही ठेवा, वहीवर तारीख आणि सही घ्या. नसेल तर सरळ बाजू असलेला डबा आणि मोजपट्टी यांनीही सुरुवात करता येते. आकडा अगदी काटेकोर येणार नाही, पण पन्नास आणि दीडशे यातला फरक नक्की कळेल. जोराचा पाऊस सुरू झाला की सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ लिहून ठेवा. आमच्या वहीत ती वेळ नव्हती; आता मुलं ती लिहितात.

येत्या पावसाळ्यात तुमच्या तालुका वार्ताहराने फोन केला, तर आमच्या शाळेचा आकडा त्याला सकाळी नऊच्या आत मिळेल. आसपासच्या आणखी काही शाळांशी बोलून ठेवलं आहे. त्यांच्याही वह्या तयार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी आणि भूगोलाचा निवृत्त शिक्षक